मालवणचे भांडारकर आणि संमतिवयाचा वाद

१/ सन १८९०. कलकत्त्यात फुलमणी दासी ही सुमारे अकरा वर्षांची विवाहिता पतीच्या बळजबरीने मरण पावली. बलात्काराचा गुन्हा मात्र लागू होईना. कायद्यातील संमतिवय अवघे दहा होते.

२/ पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी उपचारांत पाहिलेल्या बालवधूंच्या जखमा नोंदवून व्हाइसरॉयकडे अर्ज केला.

३/ विरोधकांच्या मते प्रथम ऋतुप्राप्ती होताच गर्भाधान हा धर्मच होता. मालवणात १८३७ साली जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे दाखवले, की गर्भाधान लांबवण्यास शास्त्राची आडकाठी नाही. टिळकांनी त्यांचा प्रतिवाद केला.

४/ मार्च १८९१ मध्ये संमतिवय बारा झाले. आज ते अठरा आहे. त्या वादात मुलींना कोणी विचारले नाही. त्यांच्या वतीने बोलल्या त्या डॉक्टरांच्या नोंदी.