उसाचे बेट आणि घरचे भांडे

एखाद्या देशाचा इतिहास सामान्यतः त्याच्या दप्तरखान्यात, बंदरांच्या नोंदींत आणि युद्धांच्या वृत्तांतांत शोधला जातो. क्यूबाच्या बाबतीत ही सामग्री विपुल आहे. परंतु तिच्यात साखरेच्या गोण्यांचा हिशेब जितका सापडतो, तितका ती पिकविणाऱ्या माणसाच्या जेवणाचा सापडत नाही. तो शोधावयाचा तर या बेटावरील घराघरांतल्या चुलीकडेच वळावे लागते. उत्तम जमीन परक्यांच्या जिभेला गोडी पुरविण्यासाठी राखून ठेवली गेली, आणि घरच्या ताटातले अन्न मात्र बाहेरून आणावे लागले. क्यूबाच्या स्वयंपाकाचे मर्म या विसंगतीत दडलेले आहे.

1492मध्ये कोलंबस या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तेथील ताइनो लोकांचे मुख्य अन्न कसाव्याचा कंद हे होते. कडू जातीच्या या कंदात विष असते. तो किसून, विणलेल्या लांब पिशवीत पिळून त्याचा रस काढून टाकावयाचा आणि उरलेला चोथा मातीच्या तव्यावर पसरून भाजावयाचा, ही कृती ताइनो स्त्रियांनी सिद्ध केली होती. ‘कासाबे’ नावाची ही कोरडी भाकरी महिनोन्‌महिने टिकते. म्हणूनच स्पॅनिश जहाजांनी आपल्या शिदोरीत तिला स्थान दिले. महाराष्ट्रातील उपवासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून बनतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वनस्पतीच्या प्रवासाचा पल्ला ध्यानी येतो. ताइनो समाज जेत्यांची सक्तमजुरी आणि रोगराई यांनी काही दशकांतच उद्‌ध्वस्त झाला. त्याची भाकरी मात्र टिकली. 2024मध्ये युनेस्कोने कासाबेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्या प्रस्तावात क्यूबासह पाच देश सहभागी होते.

उसाने उलट दिशेचा प्रवास केला. संस्कृतातील ‘शर्करा’ अरबीत ‘सुक्कर’ आणि स्पॅनिशमध्ये ‘असूकार’ झाली. 1493च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने उसाची कांडी कॅरिबियनमध्ये नेली. तथापि क्यूबा हे खऱ्या अर्थाने साखरेचे बेट झाले ते 1791नंतर. त्या वर्षी शेजारच्या सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला. तेथील साखर कोसळताच क्यूबातील मळेवाल्यांनी ती जागा घेतली. सात लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून या बेटावर आणली गेली, आणि गुलामगिरी संपुष्टात आली ती 1886मध्ये. या श्रमिकांना पोसण्यासाठी रिओ दे ला प्लाताच्या कुरणांतून ‘तासाहो’ हे खारवून वाळविलेले गोमांस आणि उत्तरेकडील समुद्रांतून खारे मासे येत. ज्यांना स्वतःसाठी लहानशी वाफ मिळे, ते तीत केळी, कोनफळ, भेंडी आणि अळूच्या कुळातील मलांगा लावीत. मालकाच्या हिशेबात नसलेल्या या वाफ्यांतूनच क्यूबाच्या स्वयंपाकाचा मोठा भाग उगवला आहे.

काळ्या घेवड्याचा भात हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्याचे नाव ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’, म्हणजे मूर आणि ख्रिस्ती. स्पेनमधील शतकानुशतकांच्या धर्मयुद्धांची आठवण त्या नावात आहे. ताटात मात्र काळा दाणा आणि पांढरा तांदूळ एकाच भांड्यात शिजतात. कृती साधी आहे. वाटीभर घेवडा रात्रभर भिजवून मऊ शिजवावा. त्याचे काळे पाणी टाकू नये, कारण भाताचा रंग आणि चव दोन्ही त्यातच असतात. तेलात कांदा, लसूण आणि ढोबळी मिरची मंद आचेवर परतावी. ‘सोफ्रितो’ म्हणून ओळखली जाणारी ही फोडणी क्यूबाच्या अनेक पदार्थांचा पाया आहे. तीत जिरे, तमालपत्र आणि ओरेगानो घालून दोन वाट्या तांदूळ, घेवडा व त्याचे पाणी मिसळावे आणि झाकून शिजू द्यावे. पूर्व क्यूबात काळ्या घेवड्याऐवजी लाल घेवडा वापरतात व त्या भाताला ‘कोंग्री’ म्हणतात. हे नाव हैतीकडून आलेल्या लोकांच्या क्रेओल बोलीतून आले, असे सांगितले जाते. 1847 ते 1874 या काळात सुमारे सव्वा लाख चिनी मजूर कराराने आणले गेले. भाताची सवय दृढ करण्यात त्यांचाही वाटा होता.

पेयांतही हाच इतिहास मुरलेला आहे. चरकातून काढलेला ताजा उसाचा रस, ‘ग्वारापो’, हे मळ्यावरच्या माणसाचे पेय. त्याच उसाच्या मळीपासून रम झाली. तिच्यात लिंबू, साखर, सोडा आणि पुदिन्याच्या जातीची पाने चुरडून घातली की ‘मोहितो’ होतो. 1898मध्ये अमेरिकेच्या हस्तक्षेपाने स्पेनची सत्ता संपली. त्यानंतर रममध्ये अमेरिकन कोला मिसळून जे पेय रूढ झाले, त्याला स्वातंत्र्ययुद्धाच्या घोषणेचे, ‘कूबा लिब्रे’ म्हणजे ‘स्वतंत्र क्यूबा’ असे, नाव मिळाले. बेटावर मात्र 1902पर्यंत अमेरिकी लष्कराचाच अंमल होता. नावातला हा उपरोध इतिहासानेच घडविला. कॉफीचे मळे हैतीतून पळून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी पूर्वेच्या डोंगरांत वाढविले. घरोघरी अद्यापही दाट कॉफीचे पहिले काही थेंब साखरेत घोटून त्यांचा फेस करतात आणि उरलेली कॉफी त्यावर ओततात. दूध नसले तरी चालते. फेस मात्र हवा.

या साऱ्या मिश्रणाला वैचारिक रूप दिले ते फेर्नांदो ओर्तिस यांनी. 1939मध्ये हवाना विद्यापीठातील व्याख्यानात त्यांनी क्यूबाच्या संस्कृतीला ‘अहियाको’ची उपमा दिली. ‘अही’ हा मिरचीसाठी ताइनो शब्द. मका, कंद, केळी आणि मांस यांचा हा रस्सा सतत चुलीवर असतो, त्यात नित्य नवे काही पडत राहते, तळाशी जुने विरघळते आणि वर ताजे तुकडे तरंगतात. ओर्तिस यांना संस्कृती ही सिद्ध वस्तू म्हणून नव्हे, तर अखंड शिजण्याची क्रिया म्हणून अभिप्रेत होती. परंतु या उपमेला एक कठोर बाजूही आहे: भांड्यात पडणारे सारेच काही स्वेच्छेने आलेले नव्हते.

1959च्या क्रांतीनंतर प्रश्न पालटला. 1962मध्ये अन्नधान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि ‘लिब्रेता’ हे शिधापुस्तक प्रत्येक कुटुंबाचा आधार बनले. नित्सा व्हियापोल यांचा दूरचित्रवाणीवरील पाककलेचा कार्यक्रम क्रांतीपूर्वीच सुरू झाला होता. तो चार दशके चालला. पदार्थासाठी काय हवे हे विचारण्याऐवजी, हाताशी जे आहे त्यातून काय होईल, हा प्रश्न त्यांनी केंद्रस्थानी आणला. 1991मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि त्याच्या आधारावर उभी असलेली आयात कोसळली. पपनसासारख्या एका फळाच्या सालीचा पांढरा गर मसाला लावून तळल्याच्या व मांसाऐवजी वाढल्याच्या आठवणी त्या दशकातील आहेत. ‘रोपा व्येहा’, म्हणजे ‘जुने कपडे’, हा चिंध्यांसारख्या उकललेल्या गोमांसाचा पदार्थ क्यूबाचा मानबिंदू मानला जातो. पण गोमांस दुर्मिळ झाल्याने अनेक घरांत तो केवळ नावाने उरला, आणि मायामीत स्थायिक झालेल्या क्यूबनांच्या घरी मात्र तो सहज शिजत राहिला.

आता खुद्द साखरही आटली आहे. 1980च्या दशकात वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टन साखर काढणाऱ्या या देशाने 2023च्या हंगामात पाच लाख टनांचाही टप्पा गाठला नाही. ज्या पिकासाठी माणसे समुद्रापलीकडून आणली गेली, ते पीक क्षीण झाले; त्या माणसांनी जगण्यासाठी जुळविलेले पदार्थ टिकून आहेत. काळ्या घेवड्याचे पाणी जपून ठेवणारी गृहिणी पाककृतीचा केवळ एक नियम पाळीत नाही; मळ्याच्या वहीत ज्यांची नावेही धड लिहिली गेली नाहीत, त्यांचा वारसाही ती पुढे नेत असते.