तारेच्या टोकाचा रोधक



हॅम रेडिओचा माझा छंद तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ‘हातात मोबाईल असताना ही तारांची खटपट कशाला?’ असं तुम्ही भेटलात की विचारता. उत्तरादाखल शंभर वर्षांपूर्वीचा हा इतिहास.

१९१२ च्या कायद्यानं अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं. दूरचं बोलायचं तर हजारो मीटर लांबीच्या लहरी आणि प्रचंड यंत्रं हवीत, अशी तेव्हाच्या जाणकारांची समजूत होती. आखूड लहरी म्हणजे उरलासुरला माल. त्या अटलांटिक ओलांडतात हे दाखवण्याचा पहिला प्रयत्न फेब्रुवारी १९२१ मध्ये फसला; ब्रिटनमध्ये कुणालाच काही ऐकू आलं नाही.

मग अमेरिकन हौशींच्या संघटनेनं पॉल गॉडली यांना स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रोसन गावाजवळ, समुद्राकाठच्या थंडीवाऱ्यात त्यांनी तंबू ठोकला. सोबत संवेदनशील सुपरहेटरोडाइन रिसीव्हर होता. अँटेना मात्र अगदी साधी: सुमारे १,३०० फूट तार, जमिनीपासून जेमतेम १२ फुटांवर खांबांवरून अमेरिकेच्या दिशेनं ताणलेली. ही रचना हॅरल्ड बेव्हरेज यांची.

तिची खरी खुबी दूरच्या टोकाला होती. लहरींचा धडा आठवा. दोरी भिंतीला बांधून झटका दिला, की लाट आपटून परत फिरते. तारेतही तसंच होतं. टोक मोकळं सोडलं, तर मागून, म्हणजे युरोपच्या बाजूनं आलेला गोंगाट तिथवर जाऊन उलटतो आणि रिसीव्हरमध्ये शिरतो. पण तारेचा स्वतःचा जो संरोध, म्हणजे इंपीडन्स, काही शे ओहम असतो, तेवढाच रोधक टोकाला लावून तो जमिनीला जोडला, की लहरीला तार संपल्याचं कळतच नाही. ती रोधकात शिरते आणि उष्णता होऊन विरते. समोरून येणारी लहर मात्र तारेवर बळ धरत रिसीव्हरपर्यंत पोहोचते.

डिसेंबर १९२१ मधल्या त्या रात्रींत गॉडलींनी पंचवीसहून अधिक अमेरिकन हौशी केंद्रं ऐकली. कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच इथल्या सहा जणांच्या केंद्राकडून तर अख्खा संदेश उतरवून घेतला. त्या केंद्राची शक्ती होती सुमारे एक किलोवॅट. उरलासुरला माल समुद्र ओलांडून गेला होता!

आजही १६० आणि ८० मीटरवर दूरचं ऐकायला आम्ही हीच तार ताणतो. फरक इतकाच, की रिसीव्हरकडे जाणारी केबल ५० ओहमची आणि तार सुमारे ४५० ओहमची. म्हणून मध्ये फेराइटच्या कड्यावर तीनास एक फेऱ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतो. फेऱ्यांचं प्रमाण तीन, म्हणून संरोधाचं नऊ. वर्गाचं गणित इथं असं कामी येतं.

तर मंडळी, खटपट यासाठी. मोबाईलवर आवाज येतो तो दुसऱ्यांनी उभारलेल्या मनोऱ्यांच्या जिवावर. इथं समुद्रापलीकडचा क्षीण ‘टिक-टिक’ आपल्या तारेनं, आपल्या हिशेबानं पकडलेला असतो.