पर्वतीय मृदांचे मूल्यमापन
डोंगराळ भागात खाणकामापूर्वी मातीचा वरचा सुपीक थर किती खोलीपर्यंत काढून राखावा आणि पुढे जमिनीच्या पुनरुद्धारासाठी तो कितपत योग्य ठरेल, हे ठरविण्यासाठी केलेली मृदेची तपासणी. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९८७ मध्ये मांडलेल्या निकषांत रॉकी पर्वताच्या पूर्व उतारांचा स्वतंत्र विचार असून पोत, दगडगोट्यांचे प्रमाण, सामू (आम्लता दर्शविणारा अंक) व क्षारता यांवरून मृदेची चांगली ते अयोग्य अशी प्रतवारी केली जाते. तीव्र उतारावर कुजलेल्या पालापाचोळ्याच्या पातळ थराखाली लगेच खडकाचे तुकडे लागतात; म्हणून मैदानी मोजमापे येथे जशीच्या तशी लावणे चुकीचे ठरते. ढिगात दीर्घकाळ पडलेल्या मातीतील जिवंत बीजे घटत असल्याने, काढलेली माती शक्य तेथे लगेच तयार उतारावर पसरणेच श्रेयस्कर असते.