लाल केसांचा गुन्हा काय?

ऑक्टोबर २०१०. स्कॉटलंडमधल्या ओबन गावी लेबर पक्षाची परिषद होती. पक्षाच्या उपनेत्या हॅरिएट हार्मन भाषणाला उभ्या राहिल्या आणि सत्ताधारी आघाडीतले मंत्री डॅनी अलेक्झांडर यांना त्यांनी 'जिंजर रोडंट' म्हटलं. जिंजर म्हणजे तांबड्या केसांचा, आणि रोडंट म्हणजे उंदीर-घुशीच्या कुळातला प्राणी. टीका झाली, बाईंनी माफी मागितली. अलेक्झांडर यांनीही हसत उत्तर दिलं: आपल्याला आपल्या केसांचा अभिमान आहे, आणि उंदीर बिचारे दुसऱ्यांनी केलेली घाण साफ करतात. विषय संपला.

पण यात एक गोम आहे. ब्रिटनचा समता कायदा त्याच वर्षी, २०१० साली, संमत झाला आणि तो पुढे रेटणाऱ्या मंत्री होत्या याच हार्मनबाई. वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व धरून एकूण नऊ गोष्टींवरून भेदभाव करायला त्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे भेदभाव कशाला म्हणतात हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनाही केसांच्या रंगावरून टोमणा मारताना काही खटकलं नाही. असं का होतं? त्यासाठी बरंच मागे जावं लागेल.

आधी थोडं विज्ञान. लाल केस हा ना रोग, ना कसली वेगळी जात. आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर 'एमसी१आर' नावाचं एक जनुक असतं. त्याचे ठरावीक बदललेले प्रकार आई आणि वडील दोघांकडून आले, तर केसांत काळ्या रंगद्रव्याऐवजी तांबूस रंगद्रव्य जास्त तयार होतं. हा संबंध १९९५ साली उजेडात आला. आईबाप दोघेही काळ्या केसांचे आणि पोर लाल केसांचं, असंही होऊ शकतं. जगात अशी माणसं शेकडा एक-दोन, स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये सर्वात जास्त. त्यांची त्वचा उन्हात लवकर भाजते, एवढं खरं. स्वभावाचा आणि याचा संबंध शून्य.

आता इतिहास. प्राचीन ग्रीकांच्या घरात राबणारे बरेच गुलाम थ्रेसहून आणलेले असत. आजचा बल्गेरिया आणि आसपासचा भाग म्हणजे थ्रेस. तिथले लोक लाल केसांचे, अशी ग्रीकांची समजूत. झेनोफेनिस या तत्त्वज्ञाने तर म्हणून ठेवलंय की थ्रेसवाल्यांचे देवही निळ्या डोळ्यांचे आणि लाल केसांचे असतात. पुढे नाटकातल्या गुलामाच्या मुखवट्याला लाल केस लावायची पद्धतच पडली. ॲरिस्टॉटलच्या नावावर खपलेल्या, चेहऱ्यावरून स्वभाव ओळखायच्या एका ग्रंथात लाल केसांची माणसं वाईट चालीची ठरवली आहेत. पुरावा काय? तर कोल्हा बघा! झालं सिद्ध.

मग आला मध्ययुगीन ख्रिस्ती युरोप. येशूचा घात करणारा ज्यूडास चित्रांमध्ये लाल केसांचा दिसायला लागला. बायबलमध्ये त्याच्या केसांचा रंग कुठेही सांगितलेला नाही. चित्रकारांनी, विशेषतः जर्मन भागातल्या, तो दिला आणि रूढ केला. ज्यूडास आणि सगळे ज्यू ही जोडी लोकांच्या मनात आधीच बसलेली होती, त्यामुळे लाल केस ही घातकी ज्यूची खूण झाली. शेक्सपियरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये नायिकेच्या प्रियकराच्या केसांची तुलना ज्यूडासच्या केसांशी होते, आणि त्यातली खोच प्रेक्षकांना समजावून सांगावी लागत नाही. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला सावकार शायलॉक लाल टोप घालून करायची रंगभूमीवर प्रथा होती. १८१४ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात एडमंड कीन या नटाने शायलॉक काळ्या केसांचा केला, तर ती केवढी तरी नवलाई ठरली.

डिकन्स तर आपल्याकडेही वाचला जातो. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला पोरांना चोऱ्या शिकवणारा फेगिन ज्यू आहे, आणि त्याचे केस लाल. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला गोडबोल्या कपटी युराया हीप, त्याचेही केस लाल. १८५० साली मिलेस या चित्रकाराने सुताराच्या दुकानातला बाळ येशू तांबूस केसांचा रंगवला, तर डिकन्सने आपल्या नियतकालिकात त्या पोराची यथेच्छ टिंगल केली, आणि त्या टिंगलीत लाल केसांचाही उल्लेख आहे. गरिबांच्या मुलांसाठी रडणारा हा लेखक! चांगल्या माणसाच्या डोक्यातही हे किती सहज बसतं, ते यावरून दिसतं.

आता याची दुसरी बाजू बघा. याच इंग्लंडवर १५५८ ते १६०३ राज्य केलं पहिल्या एलिझाबेथने. तिचे केस लाल, बापाचे, म्हणजे आठव्या हेन्रीचेही तसेच. उतारवयात ती टोप वापरायची, तोही लालच. तिच्या डोक्यावर तो रंग घातकी ठरला नाही, उलट त्याची फॅशन झाली. आणि डिकन्सने ज्याची टिंगल केली त्याच मिलेसने पुढे दोन वर्षांत 'ओफेलिया' रंगवली. तिच्यासाठी बसलेली एलिझाबेथ सिडल लाल केसांची, आणि त्या चित्रकार मंडळींना त्या केसांचं भारी वेड.

रंग तोच. गुलामाच्या डोक्यावर नीच, ज्यूच्या डोक्यावर घातकी, राणीच्या डोक्यावर राजेशाही. म्हणजे तिरस्कार आधीच ठरलेला होता, खूण मागाहून शोधली.

आपल्याकडेही याचा एक धागा सापडतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुठल्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. त्यात पहिलीच 'कपिला', आणि टीकाकार याचा अर्थ तांबूस केसांची असा लावतात. (पुढे त्याच यादीत फार बोलणारीही आहे.) गंमत म्हणजे पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मणाची जी लक्षणं सांगितली आहेत, त्यात गोरेपणाबरोबर कपिल केसही येतात. आणि कपिला गाय तर आपल्याकडे सर्वात पवित्र! पुरुषाला शोभा, गाईला पूजा, आणि मुलीला नकार.

असो. हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. २००५ साली 'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून मालिकेत लाल केसांच्या मुलांवर एक भाग आला. लाल केसांच्या पोरांना आत्मा नसतो, असं त्यातला एक पोरगा शाळेत सांगत सुटतो. खिल्ली खरं तर भेदभाव करणाऱ्यांची होती, पण पोरांनी नेमकं उलटं उचललं. २००८ साली कॅनडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या फेसबुक ग्रुपवरून 'लाल केसवाल्याला लाथ मारा' असा दिवस पाळला गेला, आणि शाळांमध्ये मुलांनी खरोखर लाथा खाल्ल्या. २००९ साली टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीला एक नाताळचं कार्ड मागे घ्यावं लागलं, कारण त्यावर लिहिलं होतं की सांताला सगळी मुलं आवडतात, अगदी लाल केसांचीसुद्धा. २०११ साली डेन्मार्कमधल्या क्रायोस या मोठ्या वीर्यपेढीने लाल केसांचे दाते घेणं थांबवलं. कारण काय, तर मागणी नाही.

हा वर्णद्वेषाइतकाच मोठा अन्याय आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. लाल केसांमुळे कुणाच्या पिढ्यान्‌पिढ्या वस्तीबाहेर राहिल्या नाहीत, की कुणाची पाणवठ्यावरून हकालपट्टी झाली नाही. जातीशी तर याची तुलनाच नको. पण भेदभाव कसा तयार होतो हे समजायला हे उदाहरण फार उपयोगी आहे, कारण इथे बाकी सगळी कारणं गळून पडतात. धर्म तोच, भाषा तीच, कातडीही गोरीच. कधीकधी तर घरही एकच: एक भाऊ काळ्या केसांचा, दुसरा लाल. तरी शाळेत दुसराच मार खातो.

म्हणून कुणी 'अहो, हा नुसता विनोद आहे' म्हणालं, की एवढंच बघावं: तो विनोद कुणाला रोज ऐकावा लागतो, आणि तो न हसल्यास 'याला गंमत कळत नाही' असं कोण म्हणतं? आपल्या वर्गांमध्येही काळी, जाडी, बुटकी, चकणी अशी नावं पडलेली मुलं आहेतच. ती घरी येऊन सांगतात तेव्हा आपण काय म्हणतो? 'मनावर घेऊ नकोस.' शाळेत जाऊन बाईंशी बोलणारे आईबाप किती?