कोशिंबीर, घोळाणा आणि सॅलड : कच्च्या भाजीच्या खाद्यपरंपरेचा एक मागोवा

प्रस्तावना :

नागपूरच्या रामदासपेठेसारख्या नागरी वस्तीतील भोजनसमारंभात आज 'सॅलड' या नावाने काकडी, टोमॅटो, कांदा व बिटाच्या चकत्या मांडलेल्या आढळतात. त्यांवर ना दही असते, ना फोडणी, ना कूट. कच्ची भाजी उरली, परंतु तिला रुची देणारे संस्करण नाहीसे झाले. याच शहराच्या परिसरात कच्च्या भाजीची समृद्ध परंपरा नांदत होती. तिचे स्वरूप आणि तिच्या अर्धविस्मरणाची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पानाची डावी बाजू :

महाराष्ट्रीय पानात मीठ, लिंबू, चटणी, लोणचे व कोशिंबीर डाव्या बाजूस वाढतात, तर भाज्या उजव्या बाजूस. डावीकडील पदार्थ थोडे वाढायचे असले तरी जेवणाची चव तेच राखतात. पाश्चात्त्य 'सॅलड' हा शब्द मिठाच्या लॅटिन नावावरून आला. जॉन एव्हलिन याने १६९९ मध्ये 'अॅसिटेरिया' हा ग्रंथ केवळ या विषयावर लिहिला. तेथे तेल, शिरका व मीठ यांचे मिश्रण हा सॅलडचा आत्मा. मराठी स्वयंपाकघरात शिरक्याचे काम दही, लिंबू, चिंच व कैरी यांनी केले आणि तेल बहुधा हिंग-मोहरीच्या फोडणीच्या रूपाने आले. कानडी 'कोसंबरी' आणि मराठी 'कोशिंबीर' यांचे साम्य पाहता ही परंपरा भाषांच्या सीमा ओलांडणारी आहे, हे ध्यानात येते.

तथापि आजची कोशिंबीर जशीच्या तशी प्राचीन मानणे इतिहासाला धरून होणार नाही. काकडी व मुळा येथे फार पूर्वीपासून आहेत. परंतु मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा हे तिन्ही अमेरिका खंडातून आले. म्हणजे दाण्याचे कूट व हिरवी मिरची ही कोशिंबिरीची ओळख पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची होय. तत्पूर्वी तिखटपणाची जबाबदारी मिरे, आले व मोहरी यांच्यावर होती. मोहरी फेसून दह्यात कालवण्याची रायत्याची रीत त्या जुन्या चवीची साक्ष देते.

घोळाणा : शेतातील कोशिंबीर

विदर्भ व खानदेशात कच्च्या पालेभाजीचा घोळाणा प्रसिद्ध आहे. हरभऱ्याची कोवळी पाने, मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून, तीत कांदा, मीठ, तिखट, दाण्याचे कूट व कच्चे तेल घालून हाताने घोळतात आणि भाकरीबरोबर खातात. कृती नावातच सांगितली आहे. हरभऱ्याच्या पानांवरील 'आंब' नैसर्गिकरीत्या आंबट असल्याने लिंबाची गरज भासत नाही. शिवाय हिवाळ्याच्या आरंभी हरभऱ्याचे शेंडे खुडले असता झाडाला अधिक फांद्या फुटतात. त्यामुळे खुडणी हे शेतीचे काम होते आणि खुडलेला पाला हे शेतात राबणाऱ्या स्त्रीचे कोरड्यास होते.

घोळाण्याचे तेल, पूर्व विदर्भात बहुधा जवसाचे, हा या परंपरेतील महत्त्वाचा दुवा आहे. गहू व जवस ही नागपूर प्रांताची प्रमुख रब्बी पिके होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर जवस मुंबईमार्गे युरोपात जाऊ लागला. तेथे त्याचे तेल रंग व वार्निशासाठी वापरले जाई. जे तेल तिकडे रंगाच्या डब्यात गेले, तेच इकडे भाकरीवर होते. जवसाचे तेल हवेच्या संपर्काने लवकर खवट होते. ते ताजेच हवे. गावोगावचे तेलघाणे बंद पडले तसे हे ताजे तेल दुर्मिळ झाले आणि घोळाण्याची मूळ चवही त्याबरोबर गेली.

वर्ध्याचा प्रयोग :

१९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. घाणीचे तेल व हातसडीचा तांदूळ यांचा पुरस्कार तेथे झाला. महात्मा गांधींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचे प्रयोग केले होते. १९३५ मध्ये त्यांनी 'हरिजन'मधून कच्च्या हिरव्या पानांच्या आहारमूल्याकडे लक्ष वेधले. शिजवताना 'क' जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, हे आहारशास्त्राने दाखवून दिले आहे. परंतु नागपूर-वर्धा परिसरातील शेतमजूर स्त्रियांच्या हातात ही कृती आधीपासून होती. तिला शास्त्राचे नाव तेवढे नव्हते.

नोंदीचा प्रश्न :

रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्र' (१८७५) या ग्रंथापासून कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) पर्यंत मराठी पाकग्रंथांनी मोलाचे कार्य केले. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप देऊन नवशिक्या गृहिणीला आधार दिला. मात्र हे ग्रंथ मुख्यतः लेखन-वाचन करणाऱ्या वर्गाच्या स्वयंपाकघरातून आले. राबणाऱ्यांचे अन्न पाककृती म्हणून नोंदवण्यास पात्र ठरले नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीवरील पुस्तकाने ही उणीव ठळकपणे दाखवली. घोळाणाही त्याच अनास्थेचा बळी होय. जे लिहिले गेले नाही ते अस्तित्वातच नव्हते, असा समज यातूनच दृढ होतो.

समारोप :

कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालावे, अन्यथा काकडीला पाणी सुटते. पाला धुऊन पूर्ण निथळल्यावरच चिरावा, नाहीतर तेल त्याला धरत नाही. असे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या केवळ हातातून हातात गेले. ते लेखी साधनांत मिळणार नाही. म्हणून इतिहास व गृहअर्थशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांकरवी वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्याचे संकलन करणे अगत्याचे आहे. हिवाळ्यात कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात हरभऱ्याचा पाला अजूनही विकायला येतो. तो कसा घोळावा हे सांगणाऱ्या स्त्रिया मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. साधने हयात असताना त्यांच्याकडे पाठ फिरवणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही.