धोबीतलावचा चौक

मुंबईच्या मरीन लाइन्स स्थानकातून पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटे चालले की अनेक रस्ते एकत्र येणारा एक गजबजलेला चौक लागतो. पाटीवर त्याचे नाव आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आहे, बसचा वाहक त्याला ‘मेट्रो’ म्हणतो आणि जुना मुंबईकर अजूनही ‘धोबीतलाव’ म्हणतो. तलाव मात्र आता तेथे नाही. ज्या तळ्यावर धोबी गोऱ्या शिपायांचे कपडे धूत असत ते केव्हाच बुजले. त्या तळ्याच्या दुरुस्तीसाठी स्वतःचे द्रव्य वेचणारे पारशी गृहस्थ फ्रामजी कावसजी यांच्या नावाची संस्था आणि वाचनालय तेवढे खूण म्हणून उरले आहे.

मी सेमिनरीत असताना गायनवृंदाच्या व्हायोलिनसाठी तारा आणण्यास मला या चौकात प्रथम पाठविण्यात आले. फुर्टाडो यांच्या दुकानात एका बाजूला संतांच्या मूर्ती व जपमाळा आणि दुसऱ्या बाजूला व्हायोलिन, ट्रंपेट आणि स्वरलिपीची पुस्तके मांडलेली पाहून मला त्या वयात गंमत वाटली होती. १८६५ पासून या व्यवसायात असलेल्या त्या नावाने ही सांगड मुद्दाम घातली असेल असे नाही. गिऱ्हाईकच तसे होते. जो माणूस सकाळी मिस्साला वाजवी तोच रात्री हॉटेलात वाजवी. या चौकाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी त्या माणसाचा इतिहास आहे, आणि तो आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांत सापडत नाही. नोंदवहीत त्याचा विवाह असतो आणि दफन असते. मधली वर्षे नसतात.

गोवेकर येण्यापूर्वीही येथे ख्रिस्ती वस्ती होती हे आधी सांगितले पाहिजे, कारण ते अनेकदा विसरले जाते. चौकाच्या उत्तरेस असलेले कावेल हे पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिक कोळ्यांचे व इतर रहिवाशांचे गाव. कावेल हे नावच कोळ्यांच्या वस्तीवरून आले असावे असे डॉ. जेर्सन द कुन्हा यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुंबईच्या इतिहासात सुचविले आहे. या लोकांची भाषा मराठी. आपल्या वसईच्या बोलींची ती बहीणच म्हणावी. चौकाच्या दक्षिणेला, आज जेथे क्रॉस मैदान आहे त्या भागात, आशामातेचे म्हणजे ‘एस्पेरांसा’चे मंदिर होते. किल्ल्यासमोर मोकळे मैदान हवे म्हणून इंग्रजांनी अठराव्या शतकात ते पाडले व नवे मंदिर भुलेश्वराकडे उभे राहिले. मागे राहिला तो एक क्रूस. मैदानाला नाव त्यानेच दिले; तेथे चेंडूफळी खेळणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्याचे लोक मोठ्या संख्येने येऊ लागले. गोव्यात शेती थोडी, भाटकाराचा जाच मोठा आणि नोकरी जवळजवळ नाहीच. मुंबईत आगबोटी होत्या, क्लब होते, साहेबांची स्वयंपाकघरे होती. खलाशी, आचारी, बटलर, शिंपी, वादक अशी माणसे आली. त्यांच्यात आणि येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांत सगळे गोडीगुलाबीचे होते असे समजण्याचे कारण नाही. सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी दोघेही उमेदवार, दोघांची आडनावे सारखी. आपण कंपनी सरकारच्या काळापासूनचे येथले रयत आहोत हे सांगण्यासाठी स्थानिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले व आपली संघटना स्थापन केली. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या दोन समाजांना वेगळे नाव घ्यावेसे वाटले, त्यामागे धर्मशास्त्र नव्हते, पोट होते.

या आलेल्या माणसांनी राहण्यासाठी जी व्यवस्था उभारली तिला ‘कूड’ म्हणतात. कूड म्हणजे कोंकणीत खोली. एका गावच्या लोकांनी वर्गणी काढून चाळीतील एखादा मजला किंवा काही खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि गावच्या संताचे नाव त्यास द्यायचे. प्रत्येक सभासदाची एक पेटी भिंतीशी राही. बोटीवरून परतलेला खलाशी पुढची नोकरी मिळेपर्यंत तेथे चटईवर झोपे आणि दरमहा अगदी क्षुल्लक वर्गणी देई. एका कोपऱ्यात वेदी असे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी रोझरी म्हटली जाई आणि जो हजर असेल त्याने ती म्हटलीच पाहिजे असा नियम असे. पाळकसंताच्या सणाला लदायन, बँड आणि सर्वांना जेवण. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत असे तीनशेहून अधिक कूड होते. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत, कावेल, डाबूल व माझगाव या भागांत त्यांची दाटी होती. शहरात ज्याला ओळखणारे कोणी नाही अशा माणसाला पहिल्याच रात्री छप्पर, ओळख आणि प्रार्थना या तिन्ही गोष्टी देणारी याहून स्वस्त संस्था मला तरी ठाऊक नाही.

परंतु तिच्या दोन उणिवाही लिहून ठेवायला हव्यात. कुडात स्त्रीला वास्तव्य नव्हते. नवरा मुंबईत, बायको गावी, अशी आयुष्येच्या आयुष्ये गेली. दुसरे म्हणजे, गावच्या नावाबरोबर गावची जातही पेटीत घालून आणली गेली. काही गावांचे कूड जातीजातींनुसार निराळे होते. वेदीवर संत तोच आणि भिंतीपलीकडे आपलाच गावकरी, पण वेगळ्या कुडात. आपण ही गोष्ट फारशी बोलत नाही.

कुडात निजायची सोय होती, जेवणाची सगळीकडे नव्हती. त्यामुळे चौकात खाण्याची ठिकाणे वाढली. गल्लीबोळांतील खाणावळींत माशांचे हुमण आणि भात मिळे, रविवारी सोरपोतेल. आणि चौकाच्या कोपऱ्यांवर इराणी. इराणातून आलेल्या या झरतुष्ट्री मंडळींना कोपऱ्याचे गाळे सहज मिळाले, कारण हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, असे सांगतात. कयानी १९०४ सालचे, ससानियन १९१३ सालचे. संगमरवरी पाट्यांची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रूनमस्का, मावा केक आणि कमी पाण्याचा चहा. तेथे जात विचारली जात नसे. एका कपावर तासभर बसता येई. हातात काम नसलेल्या वादकाला आणि खलाशाला हे फार मोलाचे होते. कामाचा निरोपही बहुधा तेथेच येई. कयानीसमोरील बस्तानीच्या भिंतीवर गिऱ्हाइकांनी काय काय करू नये याची एक लांबलचक यादी लावलेली असे. बेने इस्रायल समाजातील कवी निसीम इझिकेल यांनी १९७२ साली त्या यादीचीच इंग्रजी कविता केली. त्यांच्या मातोश्री मराठी शाळा चालवीत, म्हणून हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. बस्तानी २००४ साली बंद झाले.

मेट्रो चित्रपटगृह १९३८ साली उघडले, अमेरिकेच्या एम.जी.एम. कंपनीने. त्याच्या भिंतींवरील चित्रे जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक चार्ल्स जेरार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली काढली होती. चौकाला झगमगाट त्याने दिला हे खरे. परंतु कुडातल्या माणसाचे स्वतःचे नाटक त्याच्या पुष्कळ आधी या परिसरात जन्मले होते.

रविवार, १७ एप्रिल १८९२. पुनरुत्थानाचा सण. त्या दिवशी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ नावाचा कोंकणी खेळ झाला. तो रचणारा लुकासिन्यो रिबेरो हा गोव्याचा तरुण एका फिरत्या इटालियन संगीत नाटक मंडळीत काम करून आला होता. गोव्यात कार्निव्हालच्या दिवसांत अंगणात होणारे ‘खेळ’ त्याला ओबडधोबड वाटत. पडदे, वेश, वाद्यवृंद असलेले नाटक आपल्या भाषेत का होऊ नये, असा विचार त्याने केला. पोर्तुगीज ‘तेआत्रु’वरून या प्रकारास तियात्र हे नाव मिळाले. अंकांच्या मध्ये गाणी, आणि त्या गाण्यांत भाटकारापासून बोटीच्या मालकापर्यंत सर्वांचा समाचार. गोव्याची ही लाडकी कला गोव्यात जन्मली नाही, मुंबईत जन्मली. घरापासून दूर असलेल्या माणसांना ती हवी होती.

रिबेरोबरोबर जुवांव आगुश्तीन फेर्नांदिस होते. त्यांनी १८९५ साली जो तियात्र केला त्याचे नाव ‘बेल ऑफ कावेल’, म्हणजे कावेलची सुंदरी. आपल्या गल्लीचे नाव रंगमंचावर पाहून कावेलकरांना काय वाटले असेल! पुढे फेर्नांदिस यांना तियात्राचे जनक मानले गेले. त्यांच्या पत्नी रेजिना १९०४ साली ‘भाटकारा’त रंगमंचावर उतरल्या, त्या तियात्रातील पहिल्या स्त्री कलावंत. तेव्हा मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करीत होते आणि बालगंधर्वांचा उदय व्हायचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बाईच्या धैर्याची कल्पना येते. आम्हाला सेमिनरीत ग्रेगोरियन गायनाचा इतिहास तपशिलाने शिकविण्यात आला. रेजिना फेर्नांदिस हे नाव मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रथम वाचले.

आता संगीताविषयी. गोव्यात चर्चशी जोडलेल्या धर्मग्राम शाळा होत्या. तेथे ‘मेस्त्र’ मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवी. हेतू हा की मिस्साला वाद्यवृंद मिळावा. त्या शिक्षणाने किती संत घडविले ते सांगता येणार नाही, पण त्याने हजारो वादक घडविले आणि चर्चला लागणार होते त्याहून कितीतरी अधिक. ते मुंबईला आले आणि हॉटेलांच्या व चित्रगृहांच्या बँडमध्ये शिरले. मग एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण मद्यबंदी आली. नाचगाण्याच्या जागांचा धंदा बसला आणि वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले.

तेथे त्यांची गरज होतीच. हिंदुस्थानी संगीतकार चाल गाऊन दाखवी, परंतु साठ वादकांनी कोणी केव्हा काय वाजवायचे हे कागदावर मांडणारा माणूस लागे. ते काम गोवेकरांनी केले. सेबास्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी, तर ट्रंपेटवादक आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी आपल्या सी. रामचंद्र ऊर्फ चितळकरांसाठी. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. एरवी या मंडळींचे नाव श्रेयनामावलीत आले तर ‘साहाय्यक’ म्हणून, आणि बहुधा नाहीच. ज्या गाण्यांवर दोन पिढ्या डोलल्या, त्यांचे व्हायोलिनचे लिखाण करणारा माणूस रात्री कुडातील पेटीवर कागद पसरून बसलेला असे, हे श्रोत्यांना कधी कळले नाही.

एकाला मात्र अपवादाने नाव मिळाले, तेही विचित्र मार्गाने. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक व शिक्षक. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे विद्यार्थी. १९५८ च्या एप्रिलमध्ये गोन्साल्विस यांनी चौकाजवळच्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक बसविले आणि हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना वाजविल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. जेझुइटांच्या प्रांगणात, गोव्याच्या ख्रिस्ती वादकाने, भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदावर! पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर आपण संस्कृतीकरणावर परिसंवाद भरविले. हे ती परिषद सुरू होण्याच्याही चार-पाच वर्षे आधीचे. तो प्रयोग चालला नाही. पैसा उभा राहिला नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परतल्यावर गावी शांत राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये वारले. मधल्या काळात, १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’त एका दारूविक्या नायकाला गुरूचे नाव देऊन प्यारेलाल यांनी त्यांचे ऋण फेडले. नाव घराघरांत गेले; माणूस गेला नाही.

दारूचा उल्लेख आलाच आहे, तर तेही बोलून टाकतो. मद्यबंदीच्या वर्षांत या गल्ल्यांतील काही घरांतून चोरून दारू विकली जाई आणि ती विकणारी बाई म्हणजे ‘आंटी’. हिंदी चित्रपटांनी ती आंटी उचलली, तिच्या गळ्यात क्रूस घातला आणि आपल्या सबंध समाजाच्या स्त्रियांना ते रूप चिकटविले. आपण त्याबद्दल रागावतो, ते योग्यच आहे. पण त्या आंट्यांपैकी कित्येक विधवा होत्या, नवरा बोटीवर गेलेला किंवा गेलाच. हाती शिक्षण नाही आणि मुले शाळेत. त्या काळी माझ्यासारख्यांनी व्यासपीठावरून दारूविरुद्ध उपदेश केले. मुलांची फी कोण भरते, हे किती जणांनी विचारले?

१९५५ साली गोव्याची सरहद्द बंद झाली, कुडातील माणसांचे गावी जाणे-येणे तुटले; डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. सत्तरच्या दशकात आखाताची दारे उघडली आणि कूड हे विमानाची वाट पाहण्याचे ठिकाण झाले. पुढे तेही कमी झाले. चाळी जुन्या झाल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला, भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसाठी काळबादेवी-गिरगावातील काही इमारती पाडाव्या लागल्या. अनेक कूड बंद पडले. काही उरले आहेत.

मध्यंतरी अशाच एका कुडात एका वृद्ध सभासदाला आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार देण्यासाठी मला बोलावले गेले. भिंतीशी पेट्यांची रांग होती. काहींवर पांढऱ्या रंगात नावे होती आणि कुलपे गंजलेली. त्या पेट्यांचे मालक कुठे आहेत, असे मी विचारले. व्यवस्थापक म्हणाले, “काही वारले, फादर. काहींचे ठाऊक नाही. पण पेटी कोणाच्याही नकळत उघडायची नाही, हा आमचा नियम आहे.” तेवढ्यात साडेसात झाले. त्यांनी वेदीवरचा दिवा लावला, सात माणसे उभी राहिली आणि आम्ही रोझरी सुरू केली.