मीटर पळू राह्यलं

सोमवार, 20 फेब्रुवारी 1995. पहाटेचे पावणेसहा. रावेरच्या स्टेशनरोडवर तुम्ही उभे आहात आणि आधी जाणवतो तो वास: केळीच्या ओल्या पाल्याचा. उत्तरेला सातपुडा अजून काळाच आहे. रमजान चालू आहे, सहरी उरकून माणसं मशिदीकडे निघालीत. भिंतींवर विधानसभेच्या निवडणुकीचा चुना ताजा आहे. एक टप्पा 12 तारखेला झाला, दुसरा 9 मार्चला. खिशातला मोबाइल चाचपू नका. भारतात मोबाइलवरचा पहिला फोन व्हायला अजून पाच महिने आहेत.

म्हणून तुम्ही पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी-पीसीओत शिरता. पाव दराची रात्र सरायच्या आत बोलून घेणाऱ्यांची रांग आहे. काचेच्या खोक्यात एक केळीवाला आझादपूर मंडीचा भाव विचारतोय, पण लक्ष तिकडच्या माणसाकडे नाही, मीटरच्या लाल आकड्यांवर आहे. बूथवाला काचेवर टिचकी मारतो. ‘‘मीटर पाह्य भो, पळू राह्यलं!’’ केळीवाला ‘बरं ठेवतो’ म्हणायच्याही आधी ठेवतो.

साडेसहा वाजतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अजून रविवारची रात्र आहे, आठ वाजलेत. तिथल्या फॉक्स वाहिनीवर या क्षणी एक पिवळं कुटुंब नेमक्या अशाच एका फोनपायी परदेशात फजित व्हायला निघालंय. ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेचा तो भाग, ‘बार्ट व्हर्सेस ऑस्ट्रेलिया’. रावेरात त्याची गंधवार्ता नाही. तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलात.

त्या घरातल्या बार्टची बहीण लिसा सांगते, दक्षिण गोलार्धात मोरीचं पाणी उलटं फिरतं. दहा वर्षांच्या बार्टला पटत नाही. (त्याचा संशय रास्त आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा जोर वादळं वळवतो, मोरीत तो नगण्य. तिथे भांड्याचा आकार ठरवतो.) तो ऑस्ट्रेलियातल्या एका पोराला फोन लावतो, तोही पैसे ऐकणाऱ्याने भरायचे अशा बोलीवर. पोरगं शेजाऱ्यांच्या मोऱ्या तपासायला जातं आणि रिसीव्हर तसाच लोंबकळत राहतो. बिल येतं 900 डॉलर. पोराचा बाप पैसे मागतो, बार्ट टिंगल करतो, प्रकरण दोन देशांच्या भांडणापर्यंत जातं. शेवटी जाहीर माफी मागायला बार्टला न्यायचं ठरतं आणि अख्खं घर सुट्टीला निघाल्यासारखं बरोबर जातं. समोरच्या बूथवाल्याने पहिल्याच मिनिटाला काच वाजवली असती, एवढंच मला म्हणायचंय.

तिथे गेल्यावर होमरबाप वकिलातीच्या फाटकाशी पोरकटपणा करतो, माफीच्या जागी लाथेची शिक्षा निघते, पळापळ होते. पण खरा घोळ विमानतळावरच झालेला असतो. जनावर आत नेता येत नाही म्हणून बार्ट आपला बेडूक तिथेच पाण्यात सोडून देतो. भाग संपेपर्यंत बेडकांनी पिकं फस्त केलेली असतात.

हे नुसतं चित्रातलं नाही. 1935 मध्ये क्वीन्सलँडच्या उसातले भुंगेरे खायला हवाईहून भेक आणले. भुंगेरे राहिले, भेक दूरवर पसरले. बूथबाहेर या. रस्त्याकडेला हे जे पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत माजलंय, तेही असंच अमेरिका खंडातून आलं. पन्नाशीच्या दशकात पुण्यात दिसलं, आता केळीच्या बांधापर्यंत पोचलंय. अंगाला लागलं की खाज सुटते. त्याला दुसरं नाव काँग्रेस गवत, पण निवडणुकीत ते मोठ्याने घेऊ नका.

बूथवाला हाक मारतो. बोललात नाही, पण तासभर बाक अडवला, निदान चहाचे तरी द्या. तुम्ही दहाची नोट काढता आणि थबकता: तिच्यावर गांधीजी आहेत. अशी दहाची नोट 1996 पासूनची. मग घाईत नाणं देता. दहाचंच, दोन रंगांचं.

तो ते उजेडात फिरवून पाहतो. एका बाजूची सिंहांची मुद्रा ओळखीची, बाकी बरंच अनोळखी.

‘‘कुठल्या देशाचं म्हणायचं हे?’’

उत्तर सुचायच्या आत तुमच्या पायाखालचा स्टेशनरोड डांबरी, रुंद आणि गर्दीचा होतो. खिशात नोट आहे. नाणं मात्र तिकडेच राहिलंय.